काट्यावरचा कॉम्प्युटर

सगुण गावस यांनी तो स्कूटरवर पायांशी ठेवून आणला,
साखरेच्या पोत्यात, सुतळीने आवळून.
काउंटरवर टेकवला तेव्हा काच थरथरली.
"बाय, जिवो आसा काय मेला?"

डिचोलीच्या बाजारात दीडचा सुमार.
शटरं अर्धी खाली,
माझेही अर्धे खाली, डब्यातली कढी निवत चाललेली.

झाकण उघडले.
आत तांबडी धूळ, लोखंडाची, जड,
फुंकरीने हलेना.
ब्रशने काढून वर्तमानपत्रावर घेतली.
(पुढे दोन दिवस त्याच ब्रशने
लोकांचे पांढरे कीबोर्ड गुलाबी होत राहिले.)

"बंद करताना हा तीन गोष्टी दाखवायचा," ते म्हणाले.
"मी मधली दाबली. चुकलो काय?"

पहिली म्हणजे स्लीप, मी म्हटले, ते समोर बघा:
फार्मसीवाला खुर्चीत पेंगतोय,
पण कुणी तापाची गोळी मागितली
तर डोळे न उघडता खण सांगेल.
सगळे डोक्यात धरलेले.
त्यासाठी वीज लागते, थेंबभर,
एक बारीक दिवा उघडझाप करत राहतो.
लाईट गेली की गेले सगळे.
आणि इथे लाईट किती वेळा जाते
हे वीजखाते सोडून सगळ्यांना ठाऊक.

मधली वेगळी.
तो झोपण्याआधी लिहून ठेवतो,
कुठली खिडकी उघडी, कुठला शब्द अर्धा,
कर्सर कितव्या रकान्यात उभा,
सगळे डिस्कवर उतरवतो
आणि मग खरोखरच विझतो.
प्लग काढा, पोत्यात भरा, माळ्यावर टाका,
काही मागत नाही.
शब्दकोशात याला शीतनिद्रा म्हणतात.

"थंडी खंय आसा हांगा?"

दोघेही हसलो.

"म्हणजे बरोबर केले मी.
साहेब म्हणाले होते, सोमवारी बघू.
शुक्रवार होता तो.
दोन दिवसांसाठी कोण सगळे मिटवून ठेवतो?"

कुठल्या वर्षातला शुक्रवार, मी विचारले नाही.
आमच्याही घरात एक टिप्परवाला होता.
तो नंतर दिवसा झोपायला शिकला.

बटण दाबले. पंखा खोकला.
काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी सरकू लागली,
थांबली,
पुन्हा सरकली.
स्वतःचेच जुने अक्षर लावत होता तो.

मग धक्क्यावरचा तो शुक्रवार उघडला.

चालक: धाकू मळीक.
भरलेले वजन: पंधरा हजार तीनशे वीस.
रिकामे वजन:
आणि तिथे कर्सर, लुकलुकत.
कोपऱ्यातले घड्याळ मात्र सांगत होते
एक जानेवारी, बारा वाजून चार मिनिटे.
बोर्डावरचा नाण्याएवढा सेल केव्हाच मेलेला.

गावस पुढे झुकले.
"धाकू आत गेला माल उतरवायला.
तेवढ्यात फोन, की काटा बंद.
तो मागल्या वाटेने गेला.
रिकामा होऊन काट्यावर आलाच नाही."

ट्रक नंतर भंगारात गेला. दार कुणी नेले, टायर कुणी,
हौदाचा पत्रा कुणाच्या तरी गोठ्यावर आहे.

"हात लावू?"
एका बोटाने, माझ्याकडे बघतच, आकडे दाबले.
पाच हजार दोनशे ऐंशी.
पाठ होते.

निव्वळ: दहा हजार चाळीस.

"चाळीस किलो जास्त," ते म्हणाले.
"धाकू तो धाकूच."

मग मधोमध एक चौकट आली:
प्रिंटर सापडत नाही.
पुन्हा प्रयत्न. रद्द.
बराच वेळ दोघांपैकी कुणी माउस धरला नाही.
फार्मसीवाला उठून तोंड धुवायला गेला.

बंद कसा करू, मी विचारले.
ते पोते झटकत होते.
"मधलेच दाब," म्हणाले,
"आणि सेल तेवढा नवा घाल.
तारीख तरी खरी दिसूं दी."