पोटखराबा

दांडेघर सजाची तलाठी मी.
टेबलावर संपत भिलारेचा अर्ज :
इतर हक्कातलं नाव कमी करून मिळावं,
म्हणजे स्ट्रॉबेरीच्या शेडला वीज मिळेल.

नाव : लाट आस्कम पेरेग्रीन. राहणार विलायत.
कुणा कारकुनाने मोडीतून उतरवलेलं,
'विलायत'पुढे ना गाव, ना तालुका,
जसा काही तो अख्ख्या देशातच राहत होता.

तसा राहतही होता म्हणा.
साताऱ्याच्या रेकॉर्डरूमला जेवढं सापडलं त्यावरून :
अकरा हजार एकर, कोळशाची एक खाण,
नदीचे चार मैल आणि त्या चार मैलांतले मासे,
एक चर्च, ज्याचा पाद्री तोच नेमायचा,
आणि बत्तीस खेडी, जिथली माणसं
बग्गी दिसली की टोपी काढायची.
पार्लमेंटात सत्तावीस वर्षं. भाषणं तीन.
एक तितरांबद्दल, एक कुंपणाबद्दल.
तिसरं आपल्याबद्दल होतं म्हणतात,
पण उभा राहताच खोकल्याची उबळ आली
आणि पुढचं छापून आलं नाही.

हे सगळं सोडून तो पसरणीचा घाट चढला,
कारण एवढ्या जमिनीवर
त्याला पुरेल इतकी हवा निघत नव्हती.

तीन एकर, नव्वद वर्षांचा भाडेपट्टा.
जांभ्या दगडाचा बंगला, सिल्व्हर ओकची रोपं,
आणि हैबती भिलारे, महिना चार रुपये.
काम : पहाटे साहेबाच्या पाठीला उशा लावणं,
रक्ताचे रुमाल उकळत्या पाण्यात टाकणं,
आणि त्याबद्दल कुणाशी न बोलणं.

संपतला त्याच्या चुलत्याने सांगितलेलं :
एकदा खुर्चीला बांबू बांधून चौघांनी
साहेबाला टेबललँडच्या कडेला नेलं.
खाली कृष्णा, धोमची देवळं, उसाचे तुकडे.
साहेबाने मोडकं विचारलं, ये सब किसका?
हैबतीला वाटलं, परीक्षा आहे.
म्हणाला, आपलंच, सरकार.

आता 'आपलं' म्हणजे तुमचंही आणि आमचंही.
साहेबाला कुठलं कळलं कोण जाणे.
हसला, आणि हसता हसता गुदमरला.
हे चुलत्याचं म्हणणं.
चुलती म्हणते, रडला.
सातबाऱ्यावर याची नोंद नाही.

नियमाप्रमाणे हितसंबंधीयांना नोटीस.
पंधरा दिवस. हरकत असल्यास लेखी कळवावे.
मी रजिस्टर्ड पाठवली, राहणार विलायत.
पाचगणीच्या पोस्टमास्तरांचा फोन आला :
मॅडम, तब्येत बरी आहे ना?
मग चावडीच्या दारावर चिकटवली,
पोलिओच्या जाहिरातीशेजारी.
मुलगा लढाईत गेलेला. पुतण्याने खाण विकली,
नंतर मासे. नंतर नदीही.

काल जागा पाहायला गेले.
बंगल्याचं नुसतं जोतं, त्यावर ठिबकची नळी वाळत टाकलेली.
बांधालगत कबर. अक्षरं शेवाळाखाली.
संपतने तिला वळसा घालून वाफे काढलेत.
विचारलं, पणजोबांचा नेम होता का रे?
म्हणाला, नाही हो, तिथं खाली दगड लागतो.

टेपचं एक टोक त्याने धरलं, एक मी.
साडेसहा फूट बाय अडीच.
कबरीसाठी आमच्या नमुन्यात एकच रकाना आहे,
पोटखराबा : जिथे काही पिकत नाही, सारा लागत नाही.
लिहिलं. दीड चौरस मीटर.

मग हे कुणाच्या नावावर, संपतने विचारलं.
मी तोंड उघडलं, तेवढ्यात
टेबललँडकडून वारा सुटला,
नव्वद वर्षांचं भाडं आगाऊ भरलेला,
आणि फाइलमधले कागद उडाले,
आणि संपत ते गोळा करत
वाफ्यांच्या मधून, रोपं चुकवत, धावला.