प्रवासाचा वेळ: शून्य

जेवणाचं टेबल गेले अकरा दिवस जेवायला मोकळं नाही.
त्यावर युरोपचा नकाशा, नकाशावर मीठदाणी,
शेजारी एमरीचा चष्मा, आणि भिंगाखाली स्पेन,
जरासा फुगलेला.
आम्ही ताटल्या मांडीवर घेऊन जेवतो.

एकतीस वर्षं यानं पत्रं निवडली
टोलीडोच्या टपाल कचेरीत, ओहायोत, रात्रपाळीला.
अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, बर्फानं रस्ते बुजले होते,
सहा जणांची पाळी दोघंच ओढत होते,
तेव्हा एक निळं पाकीट हाती आलं.
जायचं होतं तोलेदोला, समुद्रापलीकडच्या.
त्यांचं आमचं नाव लिहायला एकच, म्हणायला दोन.
लिहिणारी देश घालायला विसरली होती.
"बाईचंच अक्षर," तो सांगतो,
दर वेळी आवाज तेवढाच खाली आणून,
"शेवटच्या ओ-ला बारीक शेपटी होती."
यानं खिशातल्या पेनानं देश लिहिला
आणि पाकीट परदेशच्या थैलीत सोडलं.

पोचलं का?
हे विचारायला कुणी विमानानं जातं का?

तर सध्या असं ठरतंय:
डेट्रॉइटला कॉर्नीलियाचा मुलगा सोडेल,
दुपारनंतर, कारण त्याची पाळी दोनला सुटते.
तिथून अटलांटा, अटलांटाहून माद्रिद.
मध्ये पंचावन्न मिनिटं. नको.
एमरीचा गुडघा पंचावन्न मिनिटांत
एवढा विमानतळ ओलांडत नाही.
मग तीन तास दहा मिनिटं, आणि एकशे चाळीस डॉलर वर.
गुडघ्याचं भाडं, मी म्हणते.
त्याला कडेची जागा हवी, मला खिडकी.
मधला जो कोण असेल तो बिचारा
रात्रभर आमच्या सेहेचाळीस वर्षांच्या संसारात बसणार.

रात्री आठची गोळी तिथे पहाटे दोनला येते.
हे त्यानं कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं,
आणि समासात लिहिलं: पाण्यावर असताना काय?
गावात चढ फार, असं मी वाचलं,
गल्ल्या अरुंद, फरसबंदी, कठडे नाहीत.
त्यानं मान हलवली. टपालवाला चढाला भीत नाही, म्हणे.
हा कधी दारोदार फिरलाच नव्हता,
आयुष्यभर खोक्यांपुढे उभा होता, पण असो.

काल संध्याकाळी तिकिटं काढायला बसला.
दोन बोटांनी टंकलं:
कुठून, टोलीडो. कुठे, टोलीडो.
यंत्रानं थोडा विचार केला.
अंतर शून्य मैल. प्रवासाचा वेळ शून्य.
आपण पोहोचला आहात.

आधी तो हसला, खोकला लागेपर्यंत.
मग चष्मा काढून खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर काय, मॉमी नदी, कडेला मळकट बर्फ,
काचकारखान्याची चिमणी, जिच्यातून आता
कबुतरांशिवाय काही निघत नाही.
"त्या पत्राचंही असंच झालं असेल," तो म्हणाला.
"कुणीतरी तिकडून परत इकडेच धाडलं असेल,
आणि त्या रात्री माझी सुट्टी असेल."

मी काही बोलले नाही.
त्याला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसले,
तोलेदो पुसलं, माद्रिद लिहिलं.
तिथून आगगाडीनं अर्धा तास, एवढं मी कधीच शोधून ठेवलं होतं.
पैसे परत न मिळणारी तिकिटं घेतली, मुद्दाम.

आज सकाळी टेबलावर नकाशाच्या जागी बूट आहेत
आणि पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्या, बॅगांना बांधायच्या.
एमरी पत्ता लिहितोय, जीभ दातांत धरून.
मी कॉफी ठेवताना वाकून पाहिलं.
नाव नाही, गल्ली नाही, गाव नाही अजून.
आधी देश लिहिलाय.
त्याखाली दोन रेघा.