द एज

पाटी मराठीतच होती: द एज.
हिंदुराव व्हॅन थांबवून म्हणाले,
"एज म्हंजे वय का कडा?"
गगनबावड्याच्या पुढं डांबर संपतं,
तिथं सह्याद्री एकदम हात सोडतो
आणि खाली कोकण.
मी म्हटलं, दोन्ही असेल.

काउंटरवरची मुलगी अदबीनं बोलली,
"सोबत मूल नाही ना, मॅडम?
आमच्याकडे फक्त प्रौढांनाच प्रवेश."

एकतीस वर्षं हाच प्रश्न.
बारशाला, ओटीला, महाद्वार रोडवर
साडीचा पदर निवडताना.
प्रत्येक वेळी माझं उत्तर चुकलं.
आज पहिल्यांदा बरोबर आलं.
"नाही," मी म्हटलं,
आणि तिनं हसून किल्ली दिली.

पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम.
हिंदुरावांनी तो 'पुढारी'च्या पानात गोळा केला,
"देवाची फुलं. झोपायचं कुठं मग?"
बाल्कनीत गेले, कठडा हलवून बघितला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस,
निसर्ग बघायच्या आधी जोड बघतो.
"वेल्डिंग कच्चं हाय."

खोलीचे सात हजार, कारण इथून समुद्र दिसतो.
आम्ही दोन वेताच्या खुर्च्यांत बसून राहिलो.
शेतं, मग धूर, मग निळसर काहीतरी,
मग काहीच नाही.
चहा निवला.
"दुकानात जिन्नस न्हाई आन् बिल फाडलंय," ते म्हणाले.

रात्री मूल रडलं.
एकदाच, आणि मध्येच तुटलं,
तोंडावर तळवा यावा तसं.
मी उठून बसले. तेही जागे होते.
दिवा कुणीच लावला नाही.
"कोल्हा आसंल."
"असेल."
एकमेकांसाठी खोटं बोलायला
आता आम्हाला शब्द शोधावे लागत नाहीत.

पहाटे स्वयंपाकघरामागं, गॅसच्या टाक्यांमध्ये,
उकिडवा बसलेला चार-पाच वर्षांचा बिरू.
पीठ माखल्या हातांनी सगुणा धावली,
"सायबास्नी सांगू नगासा, आक्का.
गावात ह्येला बघाया कोण न्हाई."
हिंदुरावांनी ऐकलंच नाही असं केलं.
खोलीतल्या फुकटच्या टोपलीतला पेरू
खिशातून काढला, भिंतीवर आपटून फोडला,
मोठा तुकडा पुढं धरला.

खाऊन झाल्यावर बिरूनं विचारलं,
"समुद्र बघितलासा?"
"न्हाई बा."
त्यानं आम्हाला पाण्याच्या टाकीमागं नेलं,
गिऱ्हाइकांना मनाई आहे तिकडं,
आणि कठड्यातून अर्धा बाहेर वाकला.
मी त्याचा सदरा धरला.
हात आपोआप गेला, मला विचारलंही नाही.
"त्यो बघा. पांढरी रेघ. ऊन चढलं की जाती."

मला दिसली. की चष्म्यावरचा ओरखडा होता,
सांगता येणार नाही.
हिंदुराव मात्र खाली बसले,
पोराच्या कानाला गाल लावून,
एक डोळा मिटून,
शाफ्ट वाकडा आहे का बघतात तसे.
बराच वेळ.
मग म्हणाले, "सरळ हाय."

निघताना मुलीनं फॉर्म पुढं केला.
शांतता कशी वाटली, पाचपैकी गुण द्या.
मी पाच दिले.
त्यांनी पेन घेऊन त्याचे चार केले.
"मागचा कठडा कच्चा हाय, टाकीजवळचा.
आयतवारी मशीन घिऊन येतो. पैसं नगंत."
"पण सर, तिकडे गेस्ट जात नाहीत."

हिंदुरावांनी व्हॅनची किल्ली शोधली,
एका खिशात, मग दुसऱ्या खिशात.
"जात्यात," ते म्हणाले.