चार ग्रॅम साखर

विट्यात, आमच्या जिन्याखालच्या खोलीत
चोवीस बाटल्या.
तीस वर्षं मी सोनं गाळलं, सेलमला,
ऊन फक्त दुपारी यायचं अशा एका गल्लीत.
येताना तिथला काटा घेऊन आलो,
गुंजेतली कसरही सांगणारा.
आता त्यावर साखर जोखतो.
बाटलीमागे चार ग्रॅम.

पहिल्या खेपेला चमच्यानंच घातली होती, अंदाजानं.
निवासनं झाकण उघडलं आणि बिअर
छताला. पंख्याला. मालनच्या सुपातल्या कुरडयांना.
ती काही बोलली नाही.
पुन्हा वाळवून तशाच तळल्या,
आणि हैबतमामा म्हणाले,
यंदा कुरडई खमंग झालीय गं.

दुसऱ्या खेपेला साखर मोजून, काट्यावर, श्वास धरून.
उघडली तर फुस्ससुद्धा नाही.
सातूचं गोडसर पाणी,
खोट्या रुपयासारखं बद्द.

झाकणं तपासली. बाटली पाण्यात उलटी बुडवली,
बुडबुडा कुठूनच नाही.
यीस्ट मेलं म्हणावं तर तळाला गाळ होता,
पिठासारखा, ताज्या पावाच्या वासाचा.
मग लक्षात आलं, पौष चाललाय.
माळावरचा गारठा फरशीतून वर चढतो इथं.
असल्या थंडीत कोण कामाला उठेल?

सोन्याचं बरं असतं.
मूस भट्टीत घाला, हजारावर अंश, मग तेजाब,
संध्याकाळपर्यंत शुद्ध.
त्याला काही विचारावं लागत नाही.
ही जात पन्नास अंशालाच मरते,
आणि घाई केली तर
फुटते ती काच.

बाटल्या उचलून चुलीमागच्या भिंतीला लावल्या,
एकेक उलटी करून गाळ जागा केला,
वरून गोधडी घातली.
मालन दारात उभी होती. म्हणाली,
माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही सेलमला होता.

गोधडी तिचीच होती.
मी तिची कड नीट खोचली.

अठरा दिवस.
एक प्लॅस्टिकची बाटली मुद्दाम भरून ठेवलेली,
रोज सकाळी दाबून बघायचो.
परवा ती अंगठ्याला दबेना.

आज काचेची उघडली. फुस्स!
तळातून बारीक मण्यांची सर निघाली,
फेस दोन बोटं वर आला
आणि लगेच बसला.
साखर कमी पडली, निवास म्हणाला.
मालननं पेला हातात घेतला, कडेवर बोट फिरवलं, वास घेतला.
भांड्यांचा साबण, म्हणाली.
आणि खोबरेल. तुमच्या मिशीचं.
तिनं पेला राखेनं घासला, तीनदा विसळला,
उपडा घातला, पुसला नाही.

पुन्हा ओतली.
या वेळी फेस उभा राहिला.
तिनं पेला खिडकीकडे धरला,
मी कस बघताना धरायचो तसा,
आणि बराच वेळ धरून राहिली.

कडू असणार, म्हणाली.
मी म्हटलं, आहे.