घट

शनिवारी संध्याकाळी अण्णांनी काटा पुसला,
पैंजणांचा ढीग वर ठेवला, वही उघडली.
सोमवारी दिलेलं वजन आणि आजचा माल
यांच्यामध्ये अकरा ग्रॅम
कुठंच नव्हते.

हुपरीत असल्या घटीला नाव लागतं,
माणसाचंच.
यावेळी ते सिद्रामचं निघालं,
कारण त्याच्या थोरलीचं लगीन ठरलंय
आणि मंगळवारी तो लवकर गेला होता.

सिद्राम काही बोलला नाही.
नखांतला काळा कीस रुमालात झाडला,
रुमाल अण्णांसमोर ठेवला
आणि चप्पल घालून निघून गेला.

मी अकरावीत, सायन्सला.
आदल्याच आठवड्यात कुंभोजकर बाईंनी फळ्यावर लिहिलेलं:
वस्तुमान निर्माण होत नाही, नष्टही होत नाही.
आम्ही ते उतरवून घेतलं, दोन मार्कांसाठी.
नंतर हात झटकत बाई जे बोलल्या ते वहीत नाही:
"हरवलं म्हणू नका गं. कुठं गेलं ते विचारा."

रात्री शेडमध्ये गेले, पाठकोरा कागद घेऊन.
'सिद्रामनं नेली' हे पहिलंच लिहिलं.
आवडत नाही म्हणून शक्यता खोडायची नसते.
त्याखाली जमीन. त्याखाली रिठ्याची बादली.
त्याखाली तेजाबाचा टब.

टब सोमवारी नवा भरलेला, तेव्हा पाण्यासारखा होता.
आता फिका निळा.
चांदी कधी निळी होते?

ग्लासात थोडं काढून मिठाचं पाणी ओतलं.
चांदी असती तर दुधासारखं फाटलं असतं,
कॉलेजात पाहिलंय मी, चिमूटभर मिठानं.
इथं काहीच झालं नाही.
(काहीच न होणं हेही लिहून ठेवायचं असतं.)
मग एक खिळा घासून सोडला.
जेवून आले तोवर
तो लाल झाला होता.

तांबं.
चांदीत मिसळलेलं, भट्टीत काळवंडलेलं,
तेजाबानं रोज थोडं थोडं चाटून नेलेलं.
आम्ही म्हणायचो, माल उजळला.

रविवारभर खिळे टाकत राहिले, निळं सरेपर्यंत.
खरवडलं, धुतलं, वाळवलं: सहा ग्रॅम.
केर आणि रिठ्याचा गाळ
शेजारच्या बाबासोकडून आटवून आणला: तीन.

सहा आणि तीन, नऊ.
अण्णा बोटांवर मोजून म्हणाले,
"मग दोन त्यानं नेले."

ते दोन सापडावेत असं मला इतकं वाटत होतं
की मी स्वतःवरच विश्वास ठेवणं थांबवलं.
एकच पैंजण उचललं, पाच वेळा काट्यावर ठेवलं.
एकशे बेचाळीस. त्रेचाळीस. बेचाळीस.
पंखा लावल्यावर चव्वेचाळीस.
बंद केल्यावर पुन्हा त्रेचाळीस.

अण्णांनी ते माझ्या हातातून घेतलं,
स्वतः ठेवलं, श्वास रोखून.
बराच वेळ आकड्याकडं बघत बसले.
वीस वर्षं याच काट्यावर
त्यांनी माणसं तोलली होती.

कागदावर मी लिहिलं:
दोन ग्रॅम, माहीत नाही.
पहिल्या ओळीवर काट मारता आली नाही.
तिच्या बाजूनं पुरावाही मिळाला नाही.
बाई म्हणतील, निष्कर्ष अपुरा.

सिद्रामचा रुमाल अजून तिथंच होता,
आमच्या यादीत कुणी धरला नव्हता.
उलगडून आतला कीस काट्यावर झटकला.
शून्य.

म्हणजे काहीच नाही, असं नाही.
म्हणजे आमच्या काट्याला दिसत नाही
एवढं.

अण्णांनी कीस पुन्हा रुमालात भरला,
सांडू न देता,
चार घड्या घातल्या
आणि चप्पल शोधायला लागले.