जिनची मोजणी

नगरपालिकेनं टेप दिलीय आणि एक फॉर्म.
लांबी एकशे बेचाळीस फूट. भिंत दोन विटांची.
चिमणीचा माथा राहिला,
तिथं घारीनं संसार मांडलाय, अंदाजे लिहितो.
रकाना सातवा: मूळ उत्पादन.

करणखेड्यात विचारलं तर तीन उत्तरं.
रिक्षावाले म्हणतात, बर्फाचा कारखाना.
त्यांचे बाप म्हणायचे, साबणाचा,
अजून पावसाळ्यात तिथल्या जमिनीला फेस येतो,
शपथेवर सांगतात.
आणि बनामाय, नव्वदीच्या पुढची,
ओट्यावरून हात झटकते: "जिन शे ती. जिन."
तिची आई तिथं सरकी निवडायची,
संध्याकाळी घरी यायची ती केसांत, भुवयांत रुई घेऊन.
धाकटी लेकरं रडायची,
सकाळी गेलेली आई कुठंय म्हणून.

बॉयलरची गोष्ट तर गावाला पाठ.
नरडाण्याच्या स्टेशनावर उतरला,
बावीस बैल,
काळ्या रानात चाकं तुंब्यापर्यंत रुतली,
सहा कोसांना तीन दिवस.
वाटेवरच्या बायांनी त्याला हळदकुंकू लावलं.
गाडीवर छत्री धरून बसलेला एदलजी इंजिनेर म्हणे,
राहू द्या, पुसू नका,
मला ह्याच्याजवळ झोपायचंय.

पण बॉयलर आला तेव्हा
त्याच्यावर छप्पर कुठं होतं?

मागच्या अंगाला एक खड्डा आहे, तळ्याएवढा.
बाभळी, डुकरं, फाटकी पोती.
तिथलीच माती उकरली, तिथंच तुडवली,
पऱ्हाट्या जाळून तिथंच भाजली.
रुई नंतर. आधी पऱ्हाट्यांचा जाळ.

सुपडू सुताराला अक्षर येत नव्हतं.
शेठ हेमराजनं चिठ्ठीवर आपलं पहिलं अक्षर लिहून दिलं,
त्यानं ते साच्यात जसंच्या तसं कोरलं,
मात्रेचं टोकसुद्धा सोडलं नाही,
आणि विटेवर ते उलटं उमटलं.
अकरा हजार निघाल्या
तेव्हा कुठं एक तलाठी घोड्यावरून जाता जाता हसला.
बनामाय इथं स्वतः हसते, दात नसलेलं.
शेठ हसला नाही.
मागच्या भिंतीला लावा म्हणाला,
तिकडं कोण मरायला वाचायला जातंय.

गेलो मी. गिलावा पडलाय.
थरावर थर उलटी अक्षरं,
एकीवर शेळीचा खूर,
एकीवर अंगठा, इतका लहान
की माझी करंगळी त्यात अडकली.
रुंदी अठ्ठावन्न फूट. खिडक्या नऊ,
त्यातल्या दोन बुजवलेल्या.

एक वीट सुटी होती, घेऊन आलो.
फॉर्म मोटारसायकलच्या सीटवर,
ऊन चढलेलं, पेन गळतंय,
सातवा रकाना कोराच.
वीट कुठं ठेवावी म्हणून वर धरली
तर आरशात दिसलं,
सरळ, सुबक, मात्रेसकट:

हे.