इतर

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर,
माझ्या पगाराला रोज तीनशे मडकी लागतात.
पेरूच्या किनाऱ्यावरची, दीड हजार वर्षांपूर्वीची,
शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो.
प्राणी ओळखायचा, खाना निवडायचा:
पक्षी. मासा. साप. मांजरकुळ. माणूस.
एका फोटोला एकच.

पहिला आठवडा सोपा गेला.
घुबड म्हणजे घुबड. बदक म्हणजे बदक,
त्याच्या पाठीतून निघालेली तोटी सोडली तर.
मग आला तो देवमासा
ज्याला हात आहे,
हातात मुंडकं, केसांना धरलेलं.
मग वाघासारखं काहीतरी, जिभेच्या जागी साप,
शेपटीच्या टोकाला आणखी एक तोंड
आणि ते तोंड हसतंय.

मी 'मासा' दिलं. परत आलं.
'माणूस' दिलं. परत आलं.
कुरियन सरांचा लाल शेरा: घाई नको, नीट बघा.
नीट बघितलं म्हणून तर अडले होते.

शनिवारी ओहोटीला, दिवा कोळीवाड्याच्या धक्क्यावर
पदीबाय म्हावरं निवडत होती.
"पेरू? म्हंजे खावाचा?"
मग खवले चिकटलेल्या अंगठ्याने
तिने फोनवरचं चित्र मोठं केलं,
बराच वेळ पाहिलं.
"यो खाडी बघलेला मानूस हाय," म्हणाली.

तिच्या टोपल्या मी लहानपणापासून बघते.
एक विकायची, एक घरची, एक मांजरांची.
तीच बोय आज या टोपलीत, उद्या त्या,
आणि रॉकेलचा वास आला
तर कुणाचीच नाही.

धक्क्याखाली चिखलात निवटी उडत होती,
कल्ले असून चालणारी, डोळे पार डोक्यावर.
पलीकडे रोहित पक्षी माना उलट्या घालून
तोच चिखल गाळत होते.
"हिला काय बोलाचा, पदीबाय?"
"पान्यान पवते, चिखलान चालते, बिलान ऱ्हाते.
निवटीला निवटी बोलाचा."

सोमवारी मी यादीच्या तळाशी गेले.
तिथे 'इतर' आहे,
शक्यतो वापरू नये, असं त्याच्यापुढे लिहिलेलं.
कारणासाठी जागा तीस अक्षरांची.
मी लिहिलं: पाण्यात पोहते, चिखलात चालते,
आणि अक्षरं संपली.
बिळाचं राहिलंच.

ते मडकं अजून परत आलेलं नाही.